कळ दाबण्यापूर्वी

नंजनगूडचे श्रीकंठेश्वराचे मंदिर सुमारे ३८५ फूट लांब आणि १६० फूट रुंद आहे. सहावी-सातवीत शिकणाऱ्या मुलाच्या हाती कॅल्क्युलेटर देऊन या मंदिराने व्यापलेली जागा काढायला सांगितली, तर उत्तर येण्यास पाच सेकंदही लागणार नाहीत. ३८५ × १६० = ६१,६०० चौरस फूट. परंतु घाईत शून्य दाबायचे राहिले आणि पडद्यावर ६,१६० आले, तर ते उत्तर चुकले आहे हे त्या मुलाच्या लक्षात येईल काय? आजचा आपला अभ्यास या एका प्रश्नाभोवती आहे.

ज्या मुलाने कळ दाबण्यापूर्वी मनाशी म्हटले असेल की, "३८५ म्हणजे जवळजवळ ४००, चार सोळे चौसष्ट, म्हणजे उत्तर ६४ हजारांच्या आसपास, पण त्याहून थोडे कमी," त्याच्या ते लगेच लक्षात येईल. ज्याने असे काही म्हटले नसेल, तो ६,१६० हे उत्तर वहीत सुवाच्य अक्षरांत उतरवून घेईल. दोघांचे यंत्र एकच, दोघांना पाढेही सारखेच येतात. फरक आहे तो कळ दाबण्यापूर्वीच्या दहा सेकंदांचा.

कॅल्क्युलेटरविषयी पालकांमध्ये दोन टोकाची मते आढळतात. काहींच्या मते हे यंत्र म्हणजे आळसाला दिलेले आमंत्रण. काहींच्या मते भ्रमणध्वनीतच यंत्र असताना मुलांना पाढ्यांचा जाच कशाला? आपल्याकडील दहावीच्या परीक्षेत सर्वसाधारणपणे कॅल्क्युलेटर नेता येत नाही, त्यामुळे पहिल्या मताचे पारडे घराघरांत जड असते. इंग्लंडमधील शालान्त परीक्षेत मात्र गणिताच्या तीन प्रश्नपत्रिका असतात; पहिली यंत्राविना सोडवायची आणि उरलेल्या दोन यंत्राच्या साहाय्याने. म्हणजे ही दोन वेगवेगळी कौशल्ये आहेत आणि दोन्ही तपासण्याजोगी आहेत, असे तेथे मानले गेले आहे. प्रस्तुत लेखकाला ही विभागणी पटते. पाढे पक्के होण्याआधी यंत्र हाती देऊ नये. परंतु सहावीनंतर ते कपाटात कुलूपबंद ठेवण्यातही अर्थ नाही. सरावासाठी लांबलचक, कंटाळवाणी उदाहरणे शोधण्याचीही गरज नाही. एखादे गाव घ्यावे आणि त्याचीच गणिते करावीत. म्हैसूर-नंजनगूड पट्ट्यात नोकरी-व्यवसायानिमित्त स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांसाठी तर नंजनगूड हा घरचाच पाठ आहे. कपिला नदीच्या काठचे हे गाव मंदिरासाठी आणि रसबाळे या सुवासिक केळ्यांसाठी प्रसिद्ध आहे.

मंदिराच्या जागेकडे पुन्हा वळू. चौरस फुटांत आलेले उत्तर शेतकरी आजोबांना सांगायचे, तर ते गुंठ्यांत सांगावे लागेल. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एक एकर. आता ६१,६०० ÷ १,०८९ केल्यास आठ अंकी कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर ५६.५६५६५६ अशी संख्या उमटते. साडेछप्पन गुंठे, म्हणजे एक एकर साडेसोळा गुंठे, एवढे सांगून आजोबांचे समाधान होईल. परंतु मुलाने तेथे थांबू नये. ५६, ५६, ५६ ही पुनरावृत्ती कोठून आली?

दोन्ही संख्यांना ११ ने भाग जातो. भाग दिल्यावर अपूर्णांक उरतो ५,६०० छेद ९९. छेदस्थानी ९९ आला की दोन अंकांची जोडी पुनःपुन्हा येते, हे आवर्ती दशांश अपूर्णांकांच्या पाठात मुले शिकतात. फक्त तेथे ते रुक्ष वाटते. यंत्राने येथे उत्तर दिले, पण कारण दिले नाही. कारण शोधायला कागद-पेन्सिलच घ्यावी लागली. शिवाय यंत्राचे उत्तर संपूर्णही नाही: ते आठ अंकांवर थांबते, ५६ ची रांग मात्र थांबत नाही. याच कारणाने साध्या यंत्रावर १ ÷ ३ × ३ केले तर पुष्कळदा १ ऐवजी ०.९९९९९९९ दिसते. यंत्र बिघडलेले नाही, त्याची पाटी लहान आहे, इतकेच.

दुसरीकडे, यंत्र गरजेपेक्षा अधिकही बोलते. तीच जागा चौरस मीटरमध्ये काढल्यास ५७२२.८२७२ असे काहीसे उत्तर मिळते. मूळ मापेच 'सुमारे' आहेत. मग दशांशचिन्हानंतरच्या चार अंकांना काय किंमत? "सुमारे ५,७०० चौरस मीटर" हे उत्तर अधिक प्रामाणिक होय. किती अंक ठेवायचे आणि किती टाकायचे, हा निर्णय यंत्र घेत नाही. तो विद्यार्थ्यालाच घ्यावा लागतो, आणि शाळेत या निर्णयाचा सराव फार थोडा होतो असे वाटते.

आता मंदिराला एक प्रदक्षिणा घालू. आयताची परिमिती म्हणजे दोन्ही बाजूंच्या दुपटींची बेरीज. २ × ३८५ + २ × १६०. दुकानदाराच्या टेबलावर असते तशा साध्या कॅल्क्युलेटरवर या कळा डावीकडून उजवीकडे ओळीने दाबून पाहा. उत्तर येते १,२३,५२०. वैज्ञानिक प्रकारच्या कॅल्क्युलेटरवर त्याच कळा त्याच क्रमाने दाबल्यास येते १,०९०. शाळेत 'कंचेभागुबेव' म्हणून जो नियम घोकला जातो, तो वैज्ञानिक यंत्राला शिकवलेला असतो. साधे यंत्र समोर येईल ती क्रिया करीत पुढे सरकते. त्याने ७७० मध्ये २ मिळविले आणि त्या ७७२ ला १६० ने गुणले.

१,२३,५२० फूट म्हणजे साडेसदतीस किलोमीटरहून अधिक. म्हैसूर ते नंजनगूड हे अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. म्हणजे या हिशेबाने मंदिराची एक प्रदक्षिणा घालणारा भाविक म्हैसूरहून नंजनगूडला पोहोचून निम्मी वाट परत चाललेला असेल! उत्तराला असा व्यवहाराचा गज लावून पाहण्याची सवय झाली, की मुले स्वतःच हसून चूक दुरुस्त करतात. साध्या यंत्रावर हे उदाहरण बिनचूक सोडविण्यासाठी स्मृतीच्या कळा वापराव्यात: २ × ३८५ करून 'एम प्लस', २ × १६० करून पुन्हा 'एम प्लस' आणि अखेरीस 'एमआरसी'. अनेक घरांत या कळांना वर्षानुवर्षे कोणाचे बोटही लागलेले नसते.

प्रवासाचे गणित याहून फसवे असते, कारण तेथील चुकीचे उत्तर हास्यास्पद दिसत नाही. म्हैसूरहून निघालेली गाडी हे २५ किलोमीटर अंतर ४० मिनिटांत कापते असे समजू. तिचा ताशी वेग किती? पुष्कळ मुले २५ ÷ ०.४० करतात आणि उत्तर लिहितात, ताशी ६२.५ किलोमीटर. रस्त्यावरील वाहनाचा एवढा वेग असू शकतो, म्हणून कोणालाच शंका येत नाही. परंतु ४० मिनिटे म्हणजे ०.४० तास नव्हेत. ते ४० ÷ ६०, म्हणजे दोन तृतीयांश तास. रुपयाचे पैसे शंभर आणि तासाची मिनिटे साठ, हा भेद यंत्राला ठाऊक नाही. आपल्या जुन्या उजळणीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे असत. ज्यांनी ते पाठ केले, ते चाळीस मिनिटे ऐकताच म्हणत की तासाला दीडपट अंतर. पंचवीस दिढे साडेसदतीस. ताशी ३७.५ किलोमीटर, तेही कळ न दाबता. दिडकी आता कोणी पाठ करणार नाही, करावी असा आग्रहही नाही. पण 'दीडपट' हे सुचणे यंत्राच्या युगातही तितकेच मोलाचे आहे.

बँकेच्या व्यवहारांकडे वळण्यापूर्वी केळ्यांचा एक छोटा हिशेब. रसबाळे केळ्यांचा भाव डझनास ८० रुपये आहे असे कल्पू. सणासुदीला तो २५ टक्क्यांनी वाढला आणि नंतर २५ टक्क्यांनी उतरला. आता भाव किती? "८० रुपयेच" असे उत्तर तत्काळ येईल. ८० × १.२५ = १००, आणि १०० × ०.७५ = ७५. वाढ ८० वर मोजली गेली आणि घट १०० वर. टक्केवारीच्या प्रत्येक उदाहरणात 'कशाच्या टक्के?' हा प्रश्न आधी विचारावा. यासाठी टक्क्याची कळ शक्यतो वापरू नये. निरनिराळ्या यंत्रांवर ती निरनिराळ्या तऱ्हेने वागते. वाढीसाठी १.२५ आणि घटीसाठी ०.७५ असा गुणक लिहून घेणे केव्हाही श्रेयस्कर.

चक्रवाढव्याजाच्या पाठात तर हा गुणक आणि कॅल्क्युलेटर यांची जोडी विशेष शोभते. १०,००० रुपये द. सा. द. शे. ८ दराने ठेवले. यंत्रावर १.०८ ने गुणाकार कायम करून (काही यंत्रांवर त्यासाठी × ची कळ दोनदा दाबावी लागते) बरोबरच्या चिन्हाची कळ दाबत राहावे. १०,८००, ११,६६४, १२,५९७.१२. तीन वर्षे झाली. सरळव्याजाने १२,४०० झाले असते. १९७ रुपये १२ पैसे हे व्याजावरील व्याज होय. रक्कम दुप्पट कधी होईल, याचा अंदाज मुलांना आधी बांधू द्यावा. ७२ ला व्याजदराने भागावे असा एक जुना ठोकताळा आहे: ७२ ÷ ८ = ९ वर्षे. आता नऊ वेळा कळ दाबून पाहा. १९,९९०.०५. दुप्पट होण्यास दहा रुपयेही पुरते कमी नाहीत! ठोकताळा किती जवळ नेऊन सोडतो, हे मुलाने आपल्या बोटांनी अनुभवले की तो त्यास विसरत नाही. मुदत ठेवींवर व्याज पुष्कळदा तिमाहीने मुद्दलात मिळविले जाते. तसे केल्यास दर तिमाहीला १.०२ हा गुणक. ३५ तिमाहींअखेर १९,९९८.९० आणि छत्तिसाव्या तिमाहीस २०,३९८.८७. नऊ वर्षांच्या आत दुप्पट होता होता राहते, आणि नवव्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत दुपटीची रेषा ओलांडते. कळ ३६ वेळा मोजून दाबणे हाही एकाग्रतेचा चांगला व्यायाम आहे. मोजणी चुकणारच, आणि चुकली हे ओळखण्यासाठी पुन्हा अंदाजच कामी येणार.

या सगळ्यात घरच्या तिजोरीला सर्वांत जवळचे उदाहरण कर्जाचे आहे. ते आठवी-नववीतील मुलांनी आवर्जून करावे आणि आईवडिलांनी शेजारी बसून पाहावे. एखादा विक्रेता दुचाकी किंवा घरगुती उपकरणांसाठी १,२०,००० रुपये 'केवळ १० टक्के फ्लॅट' दराने दोन वर्षांसाठी देऊ करतो. हिशेब सोपा वाटतो. दोन वर्षांचे व्याज २४,००० रुपये, एकूण १,४४,००० रुपये, ते २४ हप्त्यांत विभागले म्हणजे दरमहा ६,००० रुपये. दुसरीकडे कोणी घटत्या शिलकीवर १५ टक्के दर सांगितला, तर १० आणि १५ यांत स्वस्त कोणते, हे कोणीही सांगेल. चुकीचे सांगेल.

कारण पहिला हप्ता भरल्यावर पूर्ण १,२०,००० रुपये आपल्याजवळ राहिलेलेच नसतात, व्याज मात्र अखेरपर्यंत त्या पूर्ण रकमेवर मोजलेले असते. खरा दर काढण्याचे सूत्र शाळेत नसते, पण त्यावाचून अडत नाही. घटत्या शिलकीवर वार्षिक १८ टक्के, म्हणजे महिन्याला दीड टक्का दर धरून पाहू. शिलकीला १.०१५ ने गुणावे आणि ६,००० वजा करावेत. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. साध्या यंत्रावर ही साखळी अखंड चालते. पहिल्या महिन्याअखेर १,१५,८००. दुसऱ्या महिन्याअखेर १,११,५३७. तिसऱ्या महिन्याअखेर १,०७,२१०.०६. दर महिन्याची शिलक वहीत लिहीत जावी. चोविसाव्या महिन्याला असे दिसेल की देणे सुमारे ५,७३९ रुपयेच उरले आहे आणि हप्ता तर ६,००० रुपयांचा आहे. म्हणजे १८ टक्के दरानेही एवढे पैसे द्यावे लागले नसते. 'केवळ १० टक्के' म्हणून सांगितलेला दर प्रत्यक्षात १८ टक्क्यांहून किंचित अधिक आहे. १५ टक्क्यांचे कर्ज त्याहून स्वस्त होते.

गुणाकार आणि वजाबाकी यांपलीकडे यात काहीही नाही. चौदा वर्षांची मुलगी अर्ध्या तासात हे करू शकते. कागदावर हेच २४ गुणाकार करायचे झाल्यास मात्र दहाव्या महिन्यापर्यंतच धीर सुटेल, आणि तेथेच कॅल्क्युलेटरचे खरे स्थान आहे. कंटाळ्याचा भाग त्याने उचलावा, म्हणजे विचार शेवटपर्यंत जाऊ शकतो. कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी दर 'फ्लॅट' आहे की घटत्या शिलकीवरचा, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे आणि बँकेच्या कर्मचाऱ्याने ते समजावून द्यावे, हे त्याचे कर्तव्य आहे.

कर्नाटकात वाढणाऱ्या मराठी मुलांना कॅल्क्युलेटरवर एक निराळी अडचण भासते. आपण २५ ला 'पंचवीस' म्हणतो, पाच आधी आणि वीस नंतर. कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु', वीस आधी आणि पाच नंतर. घरी त्रेसष्ट, तर शाळेत 'अरवत्तमूरु'. आईने मराठीत आकडे वाचायचे आणि मुलाने ऐकता ऐकता कळा दाबायच्या, तर त्रेसष्टमधला 'त्रे' ऐकताच बोट ३ वर जाते आणि ६३ चे ३६ होतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे संख्यावाचन दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रात त्यावर मोठा वाद झाला होता. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागील भूमिका मांडली होती. लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम उलट असल्याने मुलांचा गोंधळ होतो, हा त्यांचा मुद्दा होता. परंपरेचा अभिमान बाळगूनही तो नाकारता येण्याजोगा नाही. आकडे सांगताना 'सहा, तीन' असे सुटे अंक सांगणे, हा घरगुती तोडगा.

अशी अदलाबदल झाली की एक खूण मागे राहते. ६३ आणि ३६ यांतील फरक २७, म्हणजे नवाच्या पाढ्यातला. दिवसअखेर रोकड जुळत नसेल आणि फरकाला ९ ने नेमका भाग जात असेल, तर कोठे तरी दोन अंकांची उलटापालट झाली असावी, असा संशय जुन्या काळापासून हिशेबनीस घेत आले आहेत. याचे कारण सातवी-आठवीच्या बीजगणितात आहे. दशकस्थानी क आणि एककस्थानी ख असेल, तर संख्या १०क + ख. उलटी संख्या १०ख + क. वजाबाकी ९(क − ख). फरक नेहमी नवाच्या पटीत. हिशेबाची वही आणि बीजगणिताचे पुस्तक येथे एकाच ओळीवर येतात.

अंकांच्या उलटापालटीतून याहून मोठे नवल एका मराठी शिक्षकाने शोधले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. नाशिकजवळ देवळालीला ते अनेक वर्षे शाळेत शिकवीत आणि उरलेल्या वेळात संख्यांशी खेळत. १९८६ साली ते निवर्तले. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, मात्र चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करावी. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करीत राहावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि मग तीच राहते. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत कापरेकरांनी हे मांडले. आज जगभर ही संख्या 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते.

नंजनगूडजवळ कपिलेवर १७३५ साली बांधलेला जुना पूल आहे. हे साल घेऊन पाहा: ७५३१ − १३५७ = ६१७४. पहिल्याच पायरीला मुक्काम! श्रीकंठेश्वराचे उंच गोपुर १८४५ सालचे. ८५४१ − १४५८ = ७०८३; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. येथे तीन पायऱ्या लागल्या. मुलांनी आपापले जन्मसाल घेऊन पायऱ्या मोजाव्यात. भावंडांत कोणाच्या पायऱ्या जास्त, यावर घरात थोडा कलह झाला तरी हरकत नाही.

तीन अंकी संख्येचाही एक खेळ आहे. पहिला व शेवटचा अंक भिन्न असलेली संख्या घ्यावी, ती उलटी लिहून मोठीतून लहान वजा करावी, आलेले उत्तर उलटे करून त्यातच मिळवावे. फरक ९९ आल्यास तो ०९९ असा लिहावा. मंदिराची लांबी, ३८५, घेऊ. ५८३ − ३८५ = १९८. १९८ + ८९१ = १०८९. दुसरी कोणतीही संख्या घेतली तरी उत्तर हेच येते: बरोबर एका गुंठ्याचे चौरस फूट. असे का होते, हे १००क + १०ख + ग मांडून मुलांनी शोधावे; त्यासाठी यंत्र लागणार नाही.